शेवटच्या थांब्यापलीकडचं बेट

मित्रांनो, बोटीच्या धक्क्यावर तिकिटाची खिडकी आहे ना, तिच्या शेजारी एक अंधारा कोपरा आहे. तिथे जीवरक्षक जाकिटांचा ढीग असतो, वाळूने भरलेली एक लाल बादली असते, आणि त्या दोघांच्या मधे भिंतीला टेकून कुणीतरी घडी घालून उभं असतं. लांबून पाहणाऱ्याला ती मोडकी सायकल वाटते. ती सायकल नव्हे, ती मी. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सकाळची पहिली बोट सुटायला अजून अर्धा तास आहे आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. तेवढ्यात माझी हकीकत सांगून होईल.

माझा जन्म एका पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे पाईप वाकवणारे एक काका होते. यंत्राच्या आवाजाने त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. माझ्याशीसुद्धा! "नीट वाक गं, घाई नाही!" असं ते म्हणत आणि मी वाकत असे. माझी बैठक एका शिवणाऱ्या बाईंनी शिवली. बाकीच्या बायका एकदा टीप मारून मोकळ्या होत. या बाई मात्र प्रत्येक कड दोनदा शिवायच्या. शेजारणीने कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिच्यात बसणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. त्यात शिवण उसवायला नको."

शेवटी तपासणीचे साहेब आले. साहेब चांगलेच वजनदार होते. ते माझ्यात बसले, हातांनी चाकं फिरवत त्यांनी शेडभर एक फेरी मारली आणि वळणावर मजेत गोल गिरकीही घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. साहेबांना मग हात देऊन उठवावं लागलं, ती गोष्ट वेगळी.

तिथून मी एका इस्पितळात गेले आणि अकरा वर्षं तळमजल्यावर राबले. माझ्यात बसून किती माणसं गेली! पहिलं बाळ मांडीवर घेऊन घरी निघालेल्या आया गेल्या. एक पैलवान सुई बघूनच चक्कर येऊन पडला होता, तोही माझ्यातूनच गेला. एक मास्तर पाय प्लास्टरमध्ये असताना माझ्यात बसून परीक्षेचे पेपर तपासत. त्या दिवसांत मुलांना मार्क जरा कमीच पडले असणार, कारण त्यांचा पाय फार ठणकायचा.

माझी काळजी घ्यायला एक जुने कर्मचारी होते. सगळं इस्पितळ त्यांना मामा म्हणायचं. दर शनिवारी मामा तेलाची डबी घेऊन माझ्यापुढे उकिडवे बसत. "हिची चाकं कुरकुरली तर आत बसलेल्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी मोडलंय," असं ते नव्या पोरींना सांगत.

पण मामा निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. इस्पितळात नव्या, चकचकीत खुर्च्या आल्या. मला आधी चादरींचे गठ्ठे वाहायला लावलं, मग फायलींची खोकी. शेवटी जिन्याखाली ढकललं, ओल्या फडक्यांच्या बादल्यांशेजारी. उजव्या हाताचं रेक्झिन फाटलं, आतला कापूस बाहेर आला. पुढच्या चाकांना गंज चढला. दोन पावसाळे मी तिथे काढले. एकदा एका मांजरीने माझ्या बैठकीवर तीन पिल्लं घातली आणि महिनाभर मुक्काम केला. खरं सांगते, त्या सगळ्या काळात माझी कदर केली ती एकट्या तिनेच.

मग एके दिवशी धक्क्यावरच्या तिकीटबाई मुरगळलेला पाय दाखवायला इस्पितळात आल्या. लंगडत जाताना त्यांनी मला जिन्याखाली पाहिलं. "ही कुणाला नको असेल तर आम्हाला द्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे म्हातारी माणसं येतात आणि बोटीपर्यंतचा धक्का बघूनच परत फिरतात." भांडारातल्या माणसाने डोकं वर न करता सांगितलं, "न्या, तेवढीच जागा होईल." मला जरा लागलं. पण निघताना पिल्लांची आई दारापर्यंत आली होती.

तिकीटबाईंनी माझा गंज खरवडला. फाटक्या हातावर जुन्या जीवरक्षक जाकिटाचा नारिंगी तुकडा शिवला. तेव्हापासून मी इथे आहे. गरजू माणसाने वहीत नाव लिहायचं, मला बेटावर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणून ठेवायचं, एवढाच नियम.

इथे येऊन वर्ष झालं असेल. एका रविवारी एक कुटुंब आलं, आणि त्या दिवसाची गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे.

चौघं होती. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. मुलाचं औषधाचं दुकान होतं. त्याच्या खिशात आजींच्या गोळ्यांची डबी होती, खांद्यावर पाण्याच्या बाटल्या होत्या आणि चेहऱ्यावर काळजी होती. सून शाळेत भूगोल शिकवायची. तिने बेटाचा नकाशा स्वतः काढून आणला होता आणि त्यावर पाहायच्या जागांना लाल आकडे घातले होते. नातीला घरात भिंगरी म्हणत. ती एका जागी दोन मिनिटंही उभी राहत नव्हती, त्यामुळे नाव कुणी ठेवलं हे विचारायची गरज नव्हती.

आणि आजी? त्या एकतीस वर्षं बसच्या कंडक्टर होत्या. त्यांच्या बसचा शेवटचा थांबा हाच धक्का होता. रोज तीन वेळा त्या इथे यायच्या, टोपल्या-पिशव्या घेतलेल्या माणसांना बोटीकडे धावताना पाहायच्या, दहा मिनिटं थांबायच्या आणि बस घेऊन परत फिरायच्या. समोर बेट दिसायचं. हिरवंगार, मधोमध टेकडी, टेकडीवर पांढरं दीपगृह. एकतीस वर्षं दिसलं आणि एकदाही जाणं झालं नाही. सुट्टीच्या दिवशी घरची कामं, मग मुलाचं शिक्षण, मग नवऱ्याचं आजारपण. निवृत्त झाल्या तेव्हा गुडघ्यांनी दगा दिला. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्या, आणि तेव्हापासून घराबाहेर पडायचं नावच काढत नव्हत्या. हे सगळं मला पुढे दिवसभरात त्यांच्या बोलण्यातून कळलं.

मुलाने मला उघडून समोर आणलं मात्र, आजींचा चेहरा बदलला.

"हे काय?"

"आई, धक्का लांब आहे. आणि तिकडे दिवसभर फिरायचंय."

"मी एकतीस वर्षं चालत्या गाडीत उभी राहिलेली बाई आहे. मला बसवून ढकलत नेणार? या धक्क्यावर?"

शेजारच्या चहाच्या टपरीतून आवाज आला, "काय कंडक्टरबाई! किती दिवसांनी! आज गाडी कुठे सोडली?" टपरीवाला हसत हात हलवत होता. आजींनी पाठ ताठ केली आणि हसून हात केला. मग मुलाकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी इथे बाकावर बसते. चहा पिते."

सुनेने नकाशाची घडी घातली. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटीचा पहिला भोंगा वाजला. मला वाटलं, माझ्यामुळे बिचाऱ्या आजींचं बेट हुकतंय.

तेवढ्यात खिडकीतून तिकीटबाई म्हणाल्या, "बाई, खुर्चीत बसू नका. पिशव्या ठेवा तिच्यात आणि तुम्हीच ढकला. हाताला आधार होईल."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाच्या खांद्यावरच्या बाटल्या काढून माझ्यावर ठेवल्या, सुनेची पिशवी ठेवली आणि माझ्या मुठी घट्ट धरल्या. टपरीवाल्याला सांगितलं, "सामान नेते आहे!" आणि आम्ही निघालो. त्यांच्या हातांचं सगळं वजन माझ्यावर होतं. पावलं लहान होती, मधूनमधून त्या थांबत होत्या, पण धक्का त्यांनी स्वतः पार केला. बोटीत मात्र बाक सगळे भरले होते. आजींनी इकडेतिकडे पाहिलं, पिशव्या खाली काढल्या आणि माझ्यात बसल्या.

"आजी, बसलीस!" भिंगरी ओरडली.

"बसले नाहीये. टेकलेय," आजी म्हणाल्या.

बोट सुटली. समुद्र शांत होता, ऊन कोवळं होतं. आजी एकदाही मागे वळल्या नाहीत. त्या किती हरखल्या होत्या, ते मी त्यांच्या बोटांवरून ओळखलं. माझ्या हातावरच्या नारिंगी तुकड्यावरून ती बोटं सारखी फिरत होती, एखाद्या लहान मुलीची फिरावीत तशी.

बेटावर पोचल्यावर आजी माझ्यातून उठल्या नाहीत; मुलगा मला ढकलू लागला. पहिला आकडा बाजाराचा होता. काय तो बाजार! अननसांचे ढीग, केळ्यांचे घडच्या घड, सोललेल्या शहाळ्यांचे पांढरे गोळे, पपईच्या लालभडक फाका. फळवाली प्रत्येकाच्या हातावर चवीला एकेक तुकडा ठेवत होती. आमच्यापाशी आल्यावर तिने आजींच्या डोक्यावरून मुलाला विचारलं, "आजींना अननस चालतो का?"

"नको, त्यांना आंबट सोसत नाही," मुलगा म्हणाला.

आजींनी पुढे केलेला हात मागे घेतला.

मित्रांनो, ही गोष्ट मी अकरा वर्षं इस्पितळात पाहिली होती. माणूस माझ्यात बसला की लोक त्याच्याशी बोलायचं सोडून देतात. ढकलणाऱ्याशी बोलतात. जणू बसलेल्याचे कानही गुडघ्यातच असतात.

दुसरा आकडा मसाल्यांच्या बागेचा. तिथला बाग दाखवणारा माणूस मिऱ्यांचे वेल, जायफळ, दालचिनीची साल असं एकेक दाखवत होता. त्याने दालचिनीचा तुकडा मोडला, सगळ्यांच्या नाकापाशी नेला आणि सुनेला विचारलं, "आजींना वास येतो का हो?"

"येतो," आजी म्हणाल्या. "तुम्ही सकाळी कांदा खाल्लाय."

भिंगरी इतकी हसली की तिला उचकी लागली. तो माणूसही ओशाळून हसला आणि त्यानंतर मात्र सगळं आजींनाच दाखवू लागला. पण मुलाला आईचं बोलणं खटकलं. "आई, असं तोडून कशाला बोलतेस?" तो म्हणाला.

जेवायची वेळ झाली. समुद्राकाठी नारळाच्या झाडांखाली टेबलं मांडलेलं एक खाणावळीचं अंगण होतं. वाढणाऱ्या मुलीने खाण्याच्या पदार्थांची तीन कार्डं आणली. चौथं आणलं नाही. मुलाने स्वतःसाठी कोळंबी सांगितली, सुनेसाठी तळलेली मासळी, भिंगरीसाठी नारळाच्या दुधातला भात. "आणि आईसाठी मऊ भात आणि दही. मीठ घालू नका."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आजींचा रक्तदाब वाढलेला होता, आणि न्हाणीघरात पडलेल्या आईला उचलताना तो किती घाबरला असेल, हे मी त्याच्या हातांवरून ओळखत होते. बेटावर उतरल्यापासून माझ्या मुठी त्यानेच धरल्या होत्या. तळवे सतत ओले असायचे त्याचे. पण टेबलावर कोळंबी आली, तिचा वास दरवळला, आणि आजी चमच्याने पांढरा भात ताटात इकडून तिकडे ढकलत बसल्या. तीन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "पोट भरलं."

तिसरा आकडा दीपगृहाचा होता. एकशे बासष्ट पायऱ्या. आजी म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाऊन या. एवढं आलात तर वरून बघून घ्या." मुलगा तयार होईना. सूनच म्हणाली, "चला हो. भिंगरी आहे ना आईंपाशी." मुलाने मला एका वडाच्या दाट सावलीत उभं केलं, दोन्ही ब्रेक लावले, ते लागले की नाही हे पुन्हा तपासलं, पाण्याची बाटली दिली. "इथून हलू नकोस. आम्ही तासाभरात आलो." तो दोनदा वळून पाहत गेला.

ती दोघं पायऱ्यांच्या वळणाआड झाली. वारा फिरला. खालच्या लहानशा किनाऱ्यावरून मासे भाजल्याचा वास आला. आजींच्या तोंडाला पाणी सुटलं असणार, कारण त्यांनी आवंढा गिळलेला मला ऐकू आला.

"भिंगरी, खाली कोण काय भाजतंय, दिसतं का बघ."

भिंगरीने धावत जाऊन पाहिलं. "एक बाई आहे. लोखंडी जाळीवर मासे. आजी, खूप मोठ्ठे!"

"रस्ता आहे का?"

"आहे. उतार आहे."

"जोराचा?"

"मधला."

आजींनी पायऱ्यांच्या वळणाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ब्रेक काढ. आणि मागून घट्ट धर, सोडू नकोस."

मित्रांनो, मला हे पटलं नव्हतं, पण माझं कोण ऐकणार? आजींनी दोन्ही हातांनी माझी चाकं दाबून धरली होती, भिंगरी मागे टाचा रोवून झुकली होती. आजींच्या तळहातांची सालपटं निघाली असतील. पण इतक्या वर्षांत माझ्यात बसलेलं माणूस स्वतः मला चालवतंय असं फार क्वचित घडलं होतं. उतार संपला तेव्हा दोघींनी एकदम श्वास सोडला आणि हसायला लागल्या.

पुढे वाळू होती. वाळू आणि माझं कधीच जमलेलं नाही. दहा हात गेले असेन नसेन, माझं पुढचं डावं चाक रुतलं. भिंगरीने जोर लावला, तसा कट्ट आवाज झाला. चाकाचा नट निसटून वाळूत गडप झाला आणि चाक वाकडं झालं. मी एका अंगाला कलले. आजींनी झटकन माझे दोन्ही हात घट्ट धरले. समोर भरतीची लाट फेसाळत येत होती आणि माझ्यापासून चार हातांवर थांबत होती. पुढची लाट तीन हातांवर थांबली.

मासे भाजणारी बाई धावत आली. मजबूत, काळीसावळी, कपाळावर घाम. ती भिंगरीकडे वळली नाही. माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि आजींच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "उभ्या राहाल का? की दोघा-तिघांना बोलावू?"

बेटावर आल्यापासून आजींना काय हवं ते कुणीतरी पहिल्यांदाच थेट त्यांना विचारलं होतं.

"राहीन," आजी म्हणाल्या. "हात दे."

त्या उठल्या. एक हात भाजणाऱ्या बाईच्या खांद्यावर, दुसरा भिंगरीच्या डोक्यावर. भिंगरी पावलं मोजत होती. एक, दोन, तीन. अकराव्याला आजी थांबल्या, दम घेतला. सतराव्याला लाट येऊन त्यांच्या पायांवरून गेली. आजींनी पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, कोमट आहे!" तेवीस पावलांनी त्या एका पालथ्या होडीच्या आडोशाला, झावळ्यांच्या सावलीत जाऊन फळकुटावर बसल्या. मी मागे राहिले, पण वाऱ्याबरोबर त्यांचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येत होता.

"काय खाणार?" भाजणाऱ्या बाईने विचारलं.

"तो मोठा. अख्खा."

"मीठ नेहमीसारखं?"

"कमी टाक. माझा मुलगा औषधवाला आहे. तो सांगतो ते बरोबरच असतं."

त्यानंतर बराच वेळ बोलण्याचा आवाज आला नाही. खाण्याचा आला.

इकडे पाणी माझ्या चाकांपर्यंत पोचलं. आणि वर रस्त्यावर मुलगा आला. तासाऐवजी पाऊण तासातच ती दोघं उतरली होती. वडाखाली आई नाही, मुलगी नाही. त्याने खाली किनाऱ्याकडे पाहिलं आणि त्याला काय दिसलं? पाण्यात वाकडी उभी असलेली मी. रिकामी.

"आई!"

तो उतारावरून धावला, पडला, उठला, पुन्हा धावला. माझ्यापाशी येऊन त्याने माझे दोन्ही हात पकडले आणि समुद्राकडे बघून पुन्हा हाक मारली. त्या हाकेत दुकानदार नव्हता, घरचा कर्ता माणूस नव्हता, बाजारात आईचा हात सुटलेलं एक पोर होतं. मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मागे बघ, होडीमागे बघ!

"काय झालं रे ओरडायला?" होडीमागून आजींचा आवाज आला.

तो गेला. पाठोपाठ धापा टाकत सून आली. आजींच्या दोन्ही हातांत माशाचे तुकडे होते, ओठांना कोळशाची राख होती, पाय घोट्यापर्यंत ओल्या वाळूत होते. मुलगा तिथेच मटकन खाली बसला.

"तुला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं ना. भूक लागली होती."

"खाणावळीत मी भात..."

"तू मागवलास. मला विचारलं नाहीस." आजी रागावल्या नव्हत्या. त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. "हे बघ, गुडघे गेलेत. तोंड आहे अजून. मीठ कमीच टाकायला सांगितलंय, मीच सांगितलं. आंबट नको हेही मला ठाऊक आहे. पण 'नको' म्हणायचं ते मला म्हणू दे. मी काय खुर्ची आहे, माझ्या वतीने दुसऱ्याने बोलायला?"

मुलाने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. भिंगरी जाऊन त्याच्या मांडीवर बसली. सुनेने डोळे पुसले, मग नकाशा काढला आणि त्यावर पेन्सिलने काहीतरी लिहिलं. "हा किनारा माझ्या नकाशात नव्हता," ती म्हणाली. "आई, याला कितवा आकडा देऊ?"

"पहिला," आजी म्हणाल्या.

मुलाने तोंड पुसलं. "आई, अजून काय खाशील?"

आजी विचार करू लागल्या. किती वेळ विचार करत होत्या! मला वाटतं, खाण्यापेक्षा त्या विचार करण्याचीच चव घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाजलेलं केळं. आणि शहाळं. तू काय घेतोस? तू सकाळपासून नीट खाल्लेलं नाहीस."

मग चौघंही तिथेच बसून जेवली, दुसऱ्यांदा. मुलाने कबूल केलं की खाणावळीतली कोळंबी चिवट होती. धबधबा, जुनी विहीर, शंखांचं दुकान असे नकाशावरचे उरलेले आकडे तसेच राहिले आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

माझी विचारपूस केली ती होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. त्याने मला पाण्यातून ओढून काढलं, उलटं केलं, वाकडं चाक सरळ केलं. हरवलेल्या नटाच्या जागी होडीच्या इंजिनाचा एक जाडजूड नट बसवला आणि सगळ्या सांध्यांत खोबरेल तेल सोडलं. किती वर्षांनी मला कुणी तेल घातलं होतं! काम करता करता तो आजींना विचारत होता, "बाई, बसल्यावर डावीकडे ओढते का ही?" आजी बसून बघत होत्या आणि सांगत होत्या, "थोडी. अजून एक फेरा पिळा." शेवटी त्या म्हणाल्या, "आता ठीक." मग तो उठला. उतार चढताना मुलगा आणि सून दोघांनी मिळून ढकललं, आणि मी एकदाही कुरकुरले नाही.

संध्याकाळच्या बोटीत जागा भरपूर होती. पण आजी बाकावर गेल्या नाहीत, माझ्यातच बसल्या. मुलाने मला अगदी पुढे, कठड्यापाशी नेऊन ठेवलं. आजी म्हणाल्या, "या बेटावरून परतणारे लोक माझ्या गाडीत वाळू सांडायचे. मी रोज ओरडायचे त्यांना. दोनशे माणसांची वाळू झाडायची म्हणजे काय!" मग त्यांनी चप्पल काढून बोटीच्या कठड्याबाहेर झटकली. "कशाला ओरडले कोण जाणे."

धक्क्यावर मुलाने वहीत 'खुर्ची परत' असं लिहिलं. आजींनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली स्वतः एक ओळ लिहिली. तिकीटबाईंनी ती नंतर मोठ्याने वाचली म्हणून मला कळली. 'पुढच्या डाव्या चाकाला नवीन नट बसवला आहे. तेल दर आठवड्याला घालावे.'

त्यानंतर दोन महिन्यांनी त्या पुन्हा दिसल्या. त्यांच्याकडे आता स्वतःची खुर्ची आहे, हिरवी, हलकी, रुंद चाकांची, वाळूतही चालणारी. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या माझ्यासमोरून गेल्या. चहावाल्याने विचारलं, "काय कंडक्टरबाई, कुठे?" आणि त्या बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मासे खायला!" वाईट वाटणं तिथेच संपलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे फार मोठं मागणं नाही. माझ्यासारखी खुर्ची कुठे दिसली तर तिच्यावर खोकी रचू नका, घडी घालताना तिला आपटू नका, आणि घरात तेलाची डबी असेल तर दोन थेंब तिच्या चाकांत सोडा. आणि तिच्यात कुणी बसलेलं असेल, तर जरा खाली वाका. त्याच्या डोळ्यांत बघा. काय हवं, काय नको, हे त्यालाच विचारा आणि उत्तराची वाट बघा. उत्तराला वेळ लागेल, कारण पुष्कळ दिवसांत त्याला कुणी विचारलेलं नसतं.

हे बघा, तिकडे एक आजोबा आलेत. पायाला पट्टी आहे, हातात काठी आहे, आणि लेकीशी तावातावाने वाद चाललाय. "खुर्चीबिर्ची काही नको, मी घोड्यासारखा चालतो!" असं ते सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगताहेत. लेकही हटत नाही. तिकीटबाई खिडकीतून गालात हसताहेत आणि त्यांनी माझी घडी उघडायला हात पुढे केलाय.

भांडू देत त्यांना. बोट सुटायला अजून दहा मिनिटं आहेत.